घासून आणलेला दगड

"तुझी पोरगी दगडाबरोबर बोलती, माणसाबरोबर न्हाय," काकू म्हणाली, आणि तव्यावर भाकरी पडल्याचा आवाज आला.

मी मागच्या दाराच्या पायरीवर बसले होते. पुढ्यात उकडलेल्या रताळ्यांची बुट्टी होती आणि मी सालं काढत होते. काकूला वाटलं असणार, मी परड्यात गेलेय. "बापावर गेलीय," आई म्हणाली. "ते न्हाय काय मशीनबरोबर बोलत? परवा लेथला म्हणत हुते, दम खा जरा, दम खा." दोघी हसल्या. मग काकू म्हणाली, "मशीन निदान आवाज तर करतंय. दगडाचं काय?" मी हातातलं रताळं तोंडात टाकलं. गरम होतं, जीभ भाजली, पण ओरडले नाही. ओरडले असते तर आपलं बोलणं पोरीनं ऐकलं हे दोघींना कळलं असतं, आणि मला तर पुढचंही ऐकायचं होतं.

आमचं गाव बेळगावाच्या पश्चिमेला, बेळगुंदीच्या वाटेवर. घरात आम्ही तिघं आणि अण्णांचे थोरले भाऊ आप्पा, त्यांची बायको म्हणजे काकू आणि त्यांचे दोन मुलगे. आप्पा शेती बघायचे आणि गावच्या पंचांत होते. माझे वडील, अण्णा, रोज सकाळी मोटरसायकलवरून उद्यमबागेत, बेळगावच्या कारखान्यांच्या भागात, जायचे. तिथं त्यांचं पत्र्याच्या छपराचं लहानसं वर्कशॉप होतं, त्यात दोन लेथ, लोखंड गरगर फिरवून तासायची मशीनं. संध्याकाळी गाडीचा आवाज वळणावर आला की आई चुलीवर पाण्याचं भांडं ठेवायची. अण्णा आधी रॉकेलनं हात धुवायचे, मग कपड्याच्या पावडरीनं, मग साबणानं, आणि तरीही ताटात भाकरी मोडताना त्यांच्या बोटांना कुलंटचा, मशीन थंड ठेवणाऱ्या तेलपाण्याचा, वास असायचा. नाचण्याची भाकरी, ओल्या काजूची उसळ आणि तो वास, हे तिन्ही एकत्र आल्याशिवाय मला आजही जेवल्यासारखं वाटत नाही. मी आता निपाणीला राहते, तंबाखूच्या वासात. नवरा म्हणतो, तुला नाकाचीच आठवण जास्त. खरं असेल.

खंडेनवमीला आम्ही सगळे वर्कशॉपमध्ये जायचो. अण्णा दोन दिवस आधीपासून मशीन खरवडायचे, पुसायचे आणि लेथच्या अंगाला हिरवा रंग द्यायचे. मग झेंडूचे हार, नारळ, आणि आल्यागेल्याला चिरमुरे. मी लहान असताना एका खंडेनवमीला उरलेल्या रंगाचा ब्रश घेऊन लेथच्या बेडकडे वळले होते. बेड म्हणजे मशीनच्या पोटावरच्या त्या दोन लांब चकचकीत पट्ट्या, ज्यांच्यावरून हत्यार पुढंमागं सरकतं. सगळं हिरवं आणि तेवढंच उघडं राहिलं म्हणून मला वाटलं, अण्णा विसरले. त्यांनी माझं मनगट हवेतच धरलं. रागावले नाहीत. म्हणाले, "ह्याला रंग न्हाय. हे घासून आणलंय. हे नुसतं पुसायचं." आणि माझ्या हातात ब्रशाऐवजी फडकं दिलं.

अण्णांनी मला बेळगावच्या कॅम्पातल्या इंग्रजी शाळेत घातलं होतं. आमच्या भावकीत तोवर कुणी इंग्रजी शाळेत गेलं नव्हतं, मुलगी तर नाहीच. शाळेत माझ्या इंग्रजीला गावाचा वास यायचा आणि गावात माझ्या मराठीला शाळेचा. चुलतभाऊ मला 'मॅडम' म्हणायचे. दोन्हीकडं हसतात म्हटल्यावर मी दोन्हीकडं गप्प राहायला शिकले. गप्प राहिलं की बघायला वेळ मिळतो, हा त्यातला फायदा. मराठी वाचायला मी वर्गात नव्हे, अण्णांच्या शेजारी बसून त्यांच्या वर्तमानपत्रावर शिकले, मोठ्या मथळ्यांपासून बारीक अक्षरांपर्यंत. हे लिहितानाही एखाद्या ऱ्हस्व-दीर्घाला अडखळते, आणि अडखळले की त्या वर्तमानपत्राचा कागद आठवतो.

आमच्या इंग्रजीच्या पुस्तकात एक चित्र होतं. परदेशातला एक पडका मठ. छप्पर उडालेलं, उंच टोकदार कमानी तेवढ्या उभ्या, आत जमिनीवर गवत आणि गवतात मेंढ्या. बाईंनी सांगितलं की मध्ययुगात इथं साधू राहायचे, प्रार्थना करायचे, पोथ्या उतरवायचे, आणि आता लोक लांबून लांबून हे नुसतं बघायला येतात. मग त्यांनी विचारलं, "असं काही कुणी बघितलंय?" एका मुलीनं तिच्या मामानं परदेशातून पाठवलेल्या फोटोंबद्दल सांगितलं. मी त्या चित्राकडं बघत राहिले, कारण मी ते बघितलं होतं. मेंढ्यांसकट. आमच्या रताळ्याच्या शेताच्या वर, माळाच्या कडेला.

गावात त्याला नुसतं 'मठ' म्हणायचे. कुणी बांधला, कुठले साधू राहायचे, ते कधी आणि का गेले, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. बाहेरची भिंत जांभ्या दगडाची, जागोजागी ढासळलेली. आत अंगण, अंगणाच्या दोन्ही बाजूंना लहान लहान खोल्या, त्यांची छपरं केव्हाच पडलेली. खोली एवढी अरुंद की शाळकरी मी दोन्ही हात पसरले की दोन्ही भिंतींना बोटं लागायची. प्रत्येक खोलीत दिव्याला एक कोनाडा, आणि तो एकाच उंचीवर, बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या रेषेत. म्हणजे तिथं बसून कुणी वाचत असणार. छपराचं पाणी वाहून नेणारी दगडात कोरलेली पन्हळ होती, ती थेट मागच्या पायऱ्यांच्या तळ्यात उतरायची. एका भिंतीत पिंपळ घुसला होता, पण त्याच्या मुळांनीही दगड पाडले नव्हते, धरून ठेवले होते. आणि पुढं, अजून छप्पर शाबूत असलेला एक मंडप. त्या मंडपात चार खांब.

काळ्या दगडाचे ते चार खांब मी माझ्या आयुष्यात सगळ्यात जास्त बघितलेली वस्तू आहेत. खाली चौकोनी, मग आठ कोनी, मग गोल. गोल भागावर एकीखाली एक कड्या, मनगटातल्या बांगड्यांसारखी, आणि दोन कड्यांच्या मध्ये इतकी बारीक खाच की नखसुद्धा जेमतेम शिरतं. वर मडक्यासारखा फुगवटा, आणि त्याच्यावर पातळ ताटासारखी चकती. एवढ्या शतकांनंतरही त्या चकतीची कड बोटाला लागते. दगड असा घासलेला की संध्याकाळी सूर्य माळाच्या टोकाला आला की उजेड खांबावरून पाण्यासारखा वर चढायचा आणि त्यात माणसाचं तोंड दिसायचं. लांबट, काळपट, पण ओळखू येणारं.

मला ते दाखवलं अण्णांनीच. रविवारी वर्कशॉप बंद असे. घरात सगळे झोपले की ते मला खुणेनं बोलवायचे आणि आम्ही दोघं चढण चढायचो. पहिल्यांदा त्यांनी खांबाच्या कडीवर अंगठा फिरवला, परत एकदा फिरवला. मग म्हणाले, "फिरवलाय गं ह्यो. फिरवल्याबिगर अशी रिंग येत न्हाय."

"एवढा मोठा दगड? कसा?"

"देव जाणे. मला न्हाय कळत. माझ्या लेथवर ह्यातला हातभर तुकडा बसणार न्हाय."

त्यानंतर आमचे रविवार तसेच गेले. मोटरसायकलवरून आम्ही हलशीच्या जुन्या देवळांत गेलो, देगावच्या जंगलातलं देऊळ बघून आलो, बेळगावच्या किल्ल्यातल्या कमळ बस्तीत, म्हणजे जुन्या जैन मंदिरात, मान दुखेपर्यंत छतातलं कमळ बघितलं. अण्णांना पाटीवरचं इंग्रजी वाचायचा कंटाळा, कन्नड त्यांना बोलण्यापुरतं. मग पाटी मी वाचायची आणि त्यांना मराठीत सांगायची. त्या वाटेवर मी बोलायचे. इतकं बोलायचे की एकदा अण्णा म्हणाले, "आईला सांगू नगो, पण तुला बोलायला येतंय." परत आलो की आम्ही आमच्या मठात जायचो आणि तुलना करायचो. हलशीपेक्षा आमच्या खांबाची कड बारीक आहे, असं अण्णा ठामपणे सांगायचे. ते खरं होतं की नाही मला आजही माहीत नाही. पण आमचा, हा शब्द ते ज्या तऱ्हेनं म्हणायचे, ती तऱ्हा मी उचलली.

परवा माझ्या मुलीला घेऊन मठात गेले होते. तिनं खांबात स्वतःचं तोंड बघितलं, जीभ काढली, मग दाराजवळच्या खांबापाशी थांबली आणि म्हणाली, "आई, ह्यालाच एकट्याला हा पिवळा पट्टा का?" पट्टा वीतभर रुंद आहे, खांबाच्या गोल भागावर, माझ्या खांद्याच्या उंचीला. पुसट झालाय, पण गेलेला नाही. तिला तिथं सांगायला लागले आणि मला कळलं की ही गोष्ट नीट सांगायची तर बसून लिहावी लागेल.

मी शाळेत असतानाच एका वर्षी गावची यात्रा आली. आमच्याकडं देवीची यात्रा दरवर्षी येत नाही. मध्ये इतकी वर्षं जातात की मागच्या यात्रेत पाळण्यात असलेलं पोर ह्या यात्रेत पाव्हण्यांना पाणी देत फिरतं. म्हणून यात्रा ठरली की गाव झपाटल्यासारखं होतं. प्रत्येक घराला रंग, दारांना, खिडक्यांना, गोठ्यालासुद्धा. लेकीबाळी, जावई, दूरचे सोयरे, सगळ्यांना आमंत्रणं. यात्रेआधी ठरलेले वार पाळायचे, त्या दिवशी कुणी शेतात औत घालायचं नाही. आणि गावची कामं भावकीभावकीत वाटली जायची. कुणाकडं मांडव, कुणाकडं देवीचा रथ. आमच्या भावकीकडं मठ आला, कारण रथ माळावर थांबणार होता आणि मागं पडका मठ दिसणं पाव्हण्यांसमोर बरं दिसलं नसतं.

आप्पांनी अण्णांकडं बोट करून बैठकीतच सांगून टाकलं, "मठ आमचा बाळू करतोय. खांबास्नी सोनेरी, भिंतीस्नी पिस्ता. त्याच्याकडं कंप्रेसर हाय, फवारूनच काढतो म्हणाला."

अण्णा घरी आले तेव्हा त्यांचा चेहरा मी कधी न पाहिलेला होता. शेती सोडून लोखंडात गेला म्हणून गावानं त्यांना नेहमी थोडं बाहेरचं धरलं होतं. बैठकीत त्यांना कुणी काही विचारत नसे. आता गावानं त्यांना काम दिलं होतं, आणि तेही मठाचं. जेवताना ते आईला सांगत होते, "लोकं मठाकडं बघत न्हाईत. आता बघतील. देवीसंगट सगळी मठाकडं बघतील." मी समोर बसून ऐकत होते. त्यांना मठ लपवायचा नव्हता, सजवायचा होता. जे आपल्याला सगळ्यात आवडतं त्याला आमच्याकडं रंग देतात. बैलाच्या शिंगांना देतात, ट्रॅक्टरला देतात, लेथला देतात.

दुसऱ्या दिवशी शाळेला सोडताना मी गाडीवर मागून म्हटलं, "अण्णा, मठाला रंग कशाला?"

"काय?" वारा होता.

"रंग!"

"व्हय, चांगल्यातला घेतलाय! खाली गंजाचा प्रायमर बी मारणार. एकदा मारला की पुढच्या यात्रेपत्तोर बघायला नगो!"

दगडाला गंजाचा प्रायमर, लोखंड गंजू नये म्हणून रंगाच्या आधी मारतात तो. आज हे लिहिताना मला हसू येतं आणि डोळ्यांत पाणीही. त्यांच्या हातात आयुष्यभर लोखंड होतं. उघडं ठेवलेलं सगळं एक दिवस खाल्लं जातं, हे त्यांना जन्मभर दिसत आलं होतं. त्यांना आपले खांब वाचवायचे होते.

शनिवारी दिवस कलताना कंप्रेसर टेम्पोतून माळावर आला. मारुती पेंटर शिडी घेऊन आला होता. अण्णांनी त्याला बाजूला केलं, रंग फवारायची गन स्वतः हातात घेतली आणि दाराजवळच्या खांबावर नमुन्याचा एक पट्टा मारला. यात्रेसाठीचा सोनेरी रंग डब्यात सोनेरी दिसत होता, दगडावर पिवळा झाला. "बघ," ते मला म्हणाले. मी बघितलं. खांबात माझं कपाळ दिसत होतं, डोळे दिसत होते, आणि त्याखाली काही नव्हतं. उजेड खालून चढत आला आणि पट्ट्यापाशी थांबला. दोन कड्यांमधली ती नखाएवढी खाच भरून सपाट झाली होती. अण्णा खूष होऊन मारुतीला म्हणाले, "बघ, बोलती बंद झाली पोरीची." मंगळवारी, वाराच्या दिवशी, सगळं गाव मोकळं असणार, तेव्हा नारळ फोडून बाकीचं काम सुरू करायचं ठरलं.

घरी आले तेव्हा आई परड्यात चिरमुरे पाखडत होती. मी तिच्याजवळ जाऊन बसले आणि सगळं सांगितलं. खाच, उजेड, प्रायमर, सगळं. रंग एकदा दगडात बसला की तो काढताना दगडाची चकाकी जाते, हे मी शाळेच्या वाचनालयात वाचलं होतं, तेही सांगितलं. तिनं सूप थांबवलं नाही.

"मग सांग की त्यांना."

"तू सांग ना."

"मी काय सांगू? मी शेतात जाता-येता तिथं सावलीला थांबल्याली बाई. खांब तू बघितल्यास."

"त्यांना वाईट वाटंल."

"लई वाईट वाटंल," आई म्हणाली. "आणि आता नुसतं त्यांच्या हातात बी न्हाय. पंचांनी ठरिवलंय. मोडायचं असंल तर चारचौघांतच मोडाय पायजे." मग सुपातला एक दाणा तिनं माझ्या तोंडात घातला आणि म्हणाली, "दगडाबरोबर एवढं बोलतीस, त्यातलं जरा माणसाबरोबर बोल." म्हणजे मी पायरीवर बसून ऐकलं होतं हे तिला माहीत होतं.

मंगळवारी सगळं गाव माळावर होतं. पुरुष अंगणात, बायका पडक्या खोल्यांच्या जोत्यावर ओळीनं. कंप्रेसर धडधडत होता, मग आप्पांनी हात वर केला तेव्हा तो बंद केला आणि एकदम इतकं शांत झालं की तळ्यावरची टिटवी ऐकू आली. अण्णा नवा पांढरा शर्ट घालून आले होते. रंगाच्या कामाला पांढरा शर्ट. मला ते बघवेना. आप्पांनी नारळ हातात घेतला आणि नेहमीप्रमाणे विचारलं, "कुणाला काय बोलायचं असंल तर आत्ता बोला. मागनं कुजबूज नगो."

हे विचारायची रीत असते. त्यावर कुणी बोलायची रीत नसते. मी उभी राहिले.

"काय गं प्राजू, पाणी पायजे काय?" काकू म्हणाली.

बायका हसल्या. अंगणातून माझा एक चुलतभाऊ ओरडला, "गप्प बसा रं, मॅडम इंग्लिशमधनं बोलणार हाईत!" आता पुरुषही हसले. मी जोत्यावरून खाली उतरले. माझ्या डोक्यात तयार केलेली वाक्यं होती, वारसा, मध्ययुग, शिल्पकला, आणि ती खरोखरच सगळी इंग्रजीत होती. त्यातलं एकही बाहेर येण्यासारखं नव्हतं. मी माणसांच्या मधून मंडपात गेले आणि दाराजवळच्या खांबापाशी थांबले. अण्णा शेजारीच होते, गन हातात. त्यांना वाटलं मी नारळ फुटायच्या आधी पाया पडायला आले, म्हणून ते थोडे सरकले.

"काय बघूलालीस गं?" आप्पांनी विचारलं. "बोलायचं असंल तर बोल. मुहूर्त चाललाय."

मी काहीतरी पुटपुटले. माझं मलाच ऐकू आलं नाही.

"मोठ्यानं बोल," आप्पा म्हणाले, पण दमात घेऊन नाही. "मागं तळ्यापत्तोर माणसं हाईत."

मी पट्ट्याच्या वरच्या कडीवर अंगठा ठेवला, जसा अण्णा ठेवायचे तसा, आणि तो खाचेतून गोल फिरवला. मग खाली पट्ट्यावर आणला, जिथं खाच उरली नव्हती. अण्णा माझ्या अंगठ्याकडं बघत होते. मग त्यांनी स्वतःचा अंगठा कडीवर ठेवला. त्यांच्या हातातली गन हळूच खाली गेली. दगडात आमची दोन तोंडं दिसत होती, लांबट, एकाशेजारी एक, आणि खाली पिवळं. मी त्या तोंडाकडं बघतच बोलले, पण ह्या वेळी तळ्यापर्यंत ऐकू जाईल असं:

"ह्याला रंग न्हाय, अण्णा. हे घासून आणलंय. हे नुसतं पुसायचं."